परीक्षक विद्यापीठ आणि अध्यापन : मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. ज्या कायद्याने ती झाली, त्या १८५७ च्या बाविसाव्या कायद्याच्या प्रास्ताविकात विद्यापीठाचे प्रयोजन निःसंदिग्धपणे नमूद केलेले आहे. वाङ्मय, शास्त्र व कला यांच्या निरनिराळ्या शाखांत ज्यांनी प्रावीण्य मिळविले असेल, अशा व्यक्ती परीक्षेच्या द्वारे निश्चित कराव्यात आणि त्या प्रावीण्याचा पुरावा म्हणून त्यांना पदव्या द्याव्यात, एवढेच ते प्रयोजन होते. हे प्रावीण्य कोणी, कोठे आणि कोणत्या रीतीने संपादन करून द्यावयाचे, याविषयी प्रास्ताविक मौन पाळते. नव्या विद्यापीठाला कुलपती होते, कुलगुरू होते, फेलोंची सभा होती; परंतु त्याच्या पदरी एकही अध्यापक नव्हता.

या वस्तुस्थितीचे प्रतिबिंब विद्यापीठाच्या वास्तूंतही पडलेले दिसते. पहिली काही वर्षे विद्यापीठाचा कारभार टाउन हॉलमधून चालला. पुढे कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह उभे राहिले; ते १८७४ साली पूर्ण झाले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय व राजाबाई मनोरा उभारण्यात आला. ते काम १८७८ मध्ये संपले. दोन्ही वास्तूंचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे होते आणि त्यांच्या शोभेविषयी दुमत नाही. पण पदव्या देण्यासाठी सभागृह आणि ग्रंथ ठेवण्यासाठी मंदिर उभारणाऱ्या या संस्थेला शिकविण्यासाठी एखादी खोली बांधण्याची आवश्यकता त्या काळी वाटली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात अध्यापनाच्या गुणवत्तेची चर्चा वारंवार झाली आहे. शिक्षकांची उदासीनता, विद्यार्थ्यांची घोकंपट्टी, मार्गदर्शक पुस्तकांचा सुळसुळाट, ही कारणे प्रत्येक पिढीने दिली. ती खोटी नाहीत. परंतु ती मूळ कारणे नव्हेत. या विद्यापीठात उत्तम अध्यापन कधीच झाले नाही असे मुळीच नाही. ते अनेकदा व फार वरच्या दर्जाचे झाले. मात्र ज्या ज्या ठिकाणी ते झाले, ती स्थळे परीक्षायंत्रापासून काहीशी दूर होती आणि त्यांतील कित्येक कालांतराने विद्यापीठापासूनच वेगळी झाली. असे का घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

विद्यापीठापूर्वीही मुंबई इलाख्यात उच्च अध्यापनाची एक परंपरा होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या निवृत्तीच्या वेळी १८२७ साली लोकांनी वर्गणी जमवून त्यांच्या नावाने अध्यापकपदे स्थापन करण्याचे ठरविले आणि १८३० नंतरच्या दशकात त्या निधीतून प्रत्यक्ष अध्यापनास आरंभ झाला. गणित व सृष्टिशास्त्र यांचे अध्यापक आर्थर ऑर्लेबार आणि त्यांचे सहकारी बाळशास्त्री जांभेकर हे या परंपरेचे आद्य पुरुष होत. याच परंपरेत केरो लक्ष्मण छत्रे यांची तयारी झाली. कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लेबार यांच्या हाताखाली त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणाचे काम केले. १८५४ साली दादाभाई नौरोजी यांना त्याच संस्थेत गणित व सृष्टिशास्त्राचे अध्यापकपद मिळाले.

या अध्यापकांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, कारण पदवी देणारे विद्यापीठच अस्तित्वात नव्हते. गुरूच्या शेजारी बसून काम करणे हीच त्यांची परीक्षा होती. छत्रे पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि बाळ गंगाधर टिळक त्यांच्या हाताखाली तयार झाले. ऑर्लेबार-जांभेकरांपासून टिळकांपर्यंत येणाऱ्या या शिष्यपरंपरेतील पहिले दुवे विद्यापीठाच्या जन्मापूर्वीचे आहेत. विद्यापीठाने अध्यापन निर्माण केले नाही. त्याने आधीपासून चालत आलेल्या अध्यापनावर परीक्षेची एक चौकट बसविली.

ही चौकट आली १८५४ च्या वूड यांच्या खलित्यातून. त्या खलित्याने हिंदुस्थानातील विद्यापीठांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवला. लंडन विद्यापीठ १८३६ साली सनद मिळून निघाले, तेव्हा तेही केवळ परीक्षा घेणारे मंडळ होते. शिकविण्याचे काम युनिव्हर्सिटी कॉलेज, किंग्ज कॉलेज यांसारखी महाविद्यालये करीत. कंपनी सरकारला हा नमुना सोयीचा वाटला, याचे कारण उघड आहे : थोड्या खर्चात एका विस्तीर्ण इलाख्यावर एकच मानदंड लागू करता येत होता. खलित्यात निवडक विषयांसाठी विद्यापीठाने स्वतःचे अध्यापक नेमावेत अशीही कल्पना होती. परंतु ती कागदावरच राहिली. पुढे लंडनमध्येच या रचनेविषयी असंतोष वाढला आणि १८९८ च्या कायद्याने ते विद्यापीठ अध्यापनाकडे वळले. मूळ नमुना बदलला, तरी त्याची मुंबईतील प्रत मात्र पुढे कित्येक वर्षे तशीच राहिली.

३

पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. तिला १३२ उमेदवार बसले आणि उत्तीर्णांची संख्या पंचविसांच्याही आत राहिली. १८६२ साली बी. ए. ची परीक्षा प्रथमच झाली, तेव्हा उत्तीर्ण झालेले विद्यार्थी चारच होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यावरून परीक्षेची कठोरता दिसून येते. परंतु दुसरी एक गोष्टही दिसते. इतक्या लहान संख्येमुळे अध्यापक व विद्यार्थी यांचा संबंध निकटचा होता. रानडे व भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो म्हणून स्वतः शिकत असतानाच इतरांना शिकवीत. सर अलेक्झांडर ग्रँट यांच्यासारखा अॅरिस्टॉटलचा व्यासंगी एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य होता आणि १८६३ ते १८६८ या काळात तोच विद्यापीठाचा कुलगुरूही होता. शिकविणारा आणि परीक्षेचे धोरण ठरविणारा या काळी एकच होता. म्हणून परीक्षक विद्यापीठाचे दोष आरंभीच्या दशकात फारसे जाणवले नाहीत.

परीक्षापद्धतीच्या बाजूने जे सांगण्याजोगे आहे, तेही नमूद केले पाहिजे. सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या इलाख्यातील कोणत्याही संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला एकाच प्रश्नपत्रिकेने तोलले जाई. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला उमेदवाराची जात, घराणे किंवा गाव यांच्याशी कर्तव्य नव्हते. ज्या समाजात विद्येचा अधिकार जन्मावर ठरत आला होता, तेथे या निनावी परीक्षेला मोठा सामाजिक अर्थ होता. १८८० नंतरच्या दशकात विद्यापीठाने स्त्रियांना पदवीपरीक्षा मोकळ्या केल्या आणि डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. १९१२ साली भीमराव रामजी आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. परीक्षेने दार उघडले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याला पुढे काय मिळाले, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

परीक्षा हेच विद्यापीठाचे एकमेव कार्य असल्याने परीक्षेत जे नाही ते वर्गातही नाही, असा क्रम ठरून गेला. याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी भाषेचे आहे. आरंभी देशी भाषांना परीक्षाक्रमात स्थान होते. १८६० नंतरच्या दशकात अभिजात भाषांच्या अभ्यासाला महत्त्व देण्याच्या धोरणामुळे त्यांना महाविद्यालयीन परीक्षांतून वगळण्यात आले. त्याबरोबर महाविद्यालयांतील मराठीचे अध्यापनही संपुष्टात आले. कोणीही मराठी शिकविण्यास बंदी केली नव्हती. परंतु ज्या विषयाला प्रश्नपत्रिका नाही, त्याला तास कोण देणार आणि वेतन कोण देणार? रानडे यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात सिनेटमध्ये देशी भाषांचा पक्ष चिकाटीने मांडला. १९०१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी एम. ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. एका भाषेचे उच्च अध्यापन सुमारे पस्तीस वर्षे खंडित झाले, ते एका परीक्षानियमामुळे.

याउलट, परीक्षेत एखादा विषय आला की त्याला पाठ्यपुस्तक लागे आणि कधी कधी त्या गरजेतून मोलाचे काम होई. संस्कृत भाषेला परीक्षाक्रमात स्थान मिळाले, तेव्हा इंग्रजी शाळांतून ती शिकविण्याजोगे साधन नव्हते. भांडारकरांनी १८६४ मध्ये संस्कृतचे पहिले पुस्तक आणि १८६८ मध्ये दुसरे पुस्तक तयार केले. ही पुस्तके लिहिली गेली तेव्हा भांडारकर सिंधमधील हैदराबाद व रत्नागिरी येथील हायस्कुलांत मुख्याध्यापक होते. वर्गात रोज शिकविणाऱ्या माणसाने ती लिहिली, म्हणूनच शंभर वर्षांहून अधिक काळ ती टिकली.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील विद्याव्यासंगाचा दर्जा काही बाबतींत जगाच्या तोडीचा होता. एल्फिन्स्टन कॉलेजात गेऑर्ग ब्यूलर १८६३ पासून आणि डेक्कन कॉलेजात फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून संस्कृत शिकवीत होते. या दोघांच्या संपादकत्वाखाली मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू झाली. तिच्या कामात एतद्देशीय शास्त्र्यांचा व तरुण पदवीधरांचा वाटा मोठा होता. हस्तलिखिते मिळविणे, पाठ ताडून पाहणे, शुद्ध आवृत्ती सिद्ध करणे, हे शिक्षण कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मावणारे नव्हते. ते महाविद्यालयातील अध्यापकाच्या सान्निध्यात मिळे आणि ग्रंथमालेसारख्या उद्योगांना आधार विद्यापीठाचा नव्हे, तर सरकारी शिक्षणखात्याचा होता.

या काळातील अध्यापनाला दुसरीही एक मर्यादा होती. अध्यापकाची निवड त्याच्या विद्येवरच होत असे असे नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या अध्यापकाचे काम हंगामी म्हणून भांडारकर पाहत असताना, १८७३ साली त्या जागी पीटर पीटर्सन यांची नेमणूक झाली. पीटर्सन यांनी पुढे हस्तलिखितशोधाचे मोलाचे काम केले हे खरे. तथापि त्या वेळी भांडारकरांची योग्यता अधिक सिद्ध होती, याविषयी विद्वानांत मतभेद नाही. १८९६ मध्ये शिक्षणखात्याच्या नोकऱ्यांची विभागणी झाली, तेव्हा विलायतेत भरती होणारा अध्यापक वरच्या श्रेणीत आणि येथे भरती होणारा खालच्या श्रेणीत, हा भेद नियमबद्धच झाला. एकाच महाविद्यालयात, एकाच विषयाचे समान अध्यापन करणाऱ्या दोन व्यक्तींच्या वेतनात व मानात पडणारे हे अंतर वर्गातील वातावरणावर परिणाम केल्यावाचून राहिले नाही.

भांडारकरांच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग या संदर्भात अर्थपूर्ण आहे. जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ विद्यापीठाकडे एक निधी सोपविण्यात आला होता. त्यातून भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला निघाली आणि १८७७ साली भांडारकरांनी संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या प्राकृत भाषांवर व्याख्याने दिली. विद्यापीठाने स्वतःच्या नावाने काही शिकविल्याच्या आरंभीच्या प्रसंगांपैकी हा एक होय. या व्याख्यानांनी मराठीसह सर्व आर्यभारतीय भाषांच्या ऐतिहासिक अभ्यासाचा पाया घातला. विद्यापीठाने शिकविण्याचे ठरविले तर काय साध्य होऊ शकते, याचा तो पुरावा होता; परंतु त्यातून धडा घेतला गेला नाही. व्याख्यानमाला निधीच्या व्याजावर चालत राहिली, अध्यापकपद मात्र निर्माण झाले नाही.

अध्यापनाच्या गुणवत्तेचा खरा प्रयोग या काळात सरकारबाहेर झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ साली आणि फर्ग्युसन कॉलेजची १८८५ साली झाली. अल्प वेतनावर संस्थेला दीर्घकाळ वाहून घेणारे आजीव सदस्य, ही तेथील कल्पना होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तेथे इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १९०२ पासून तेथे प्राचार्य म्हणून काम केले. निष्ठेच्या बाबतीत या अध्यापकांत काहीच उणे नव्हते. परंतु आपण काय शिकवावे, किती शिकवावे आणि शिकविलेले कसे तपासावे, यांपैकी एकही गोष्ट त्यांच्या हाती नव्हती. अभ्यासक्रम मुंबईत ठरे, प्रश्नपत्रिका मुंबईत निघे आणि निकाल मुंबईहून येई. अध्यापक कितीही समर्थ असला, तरी परीक्षापद्धतीने त्याला दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे तयार करून घेणारा करून टाकले होते.

५

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याची आठवण सामान्यतः सरकारी नियंत्रणासाठी केली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाची सोय करण्याचा व आपले प्राध्यापक नेमण्याचा स्पष्ट अधिकार दिला. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जी यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. १९०६ ते १९१४ या कुलगुरुपदाच्या काळात त्यांनी लोकांच्या देणग्यांतून अध्यासने उभी केली. १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाच्या हाती घेतले. त्याच वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन हे सरकारी हिशेबखात्यातील नोकरी सोडून पालित अध्यासनावर रुजू झाले. मुंबईत पैसा कमी नव्हता. राजाबाई मनोरा त्याची साक्ष देत उभाच होता. कमी होता तो विद्यापीठाने स्वतः शिकवावे असा निर्धार.

मुंबईत तो निर्धार चिमणलाल सेटलवाड यांच्या दीर्घ कुलगुरुपदाच्या काळात (१९१७ ते १९२९) हळूहळू दिसू लागला. १९१९ साली अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा विभाग निघाला आणि पॅट्रिक गेडिस यांना समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आणण्यात आले. गेडिस हे नगररचनेचे विचारवंत. शहर हीच त्यांची प्रयोगशाळा. १९२४ साली त्यांच्यामागून गोविंद सदाशिव घुर्ये विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो सांभाळला. याच विभागात के. टी. शाह व सी. एन. वकील यांनी अर्थशास्त्राच्या अध्यापनाला हिंदी प्रश्नांची बैठक दिली.

घुर्ये यांच्या विभागाचे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत होते. तेथे विद्यार्थी थोडे होते आणि प्रबंधलेखन हा शिक्षणाचा गाभा होता. विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रदेशातील जाती, विवाहविधी किंवा कुटुंबपद्धती यांविषयी माहिती मिळवून तिच्यावर लिहावयाचे आणि प्राध्यापकाने ते ओळीओळीने तपासावयाचे, असा क्रम होता. इरावती कर्वे यांनी चित्पावन ब्राह्मणांवरील अभ्यास येथेच केला. एम. एन. श्रीनिवास यांचा म्हैसूरमधील विवाह व कुटुंब यांवरील ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला, तो मुळात येथील एम. ए. चा प्रबंध होता. अ. र. देसाई यांचा भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील ग्रंथ १९४८ साली आला, तोही येथील पीएच. डी. च्या अभ्यासातून. विशेष हे की, पुढे श्रीनिवास क्षेत्राभ्यासाच्या वेगळ्या पद्धतीकडे वळले आणि देसाई मार्क्सवादी विश्लेषणाकडे. गुरूची मते दोघांनीही जशीच्या तशी स्वीकारली नाहीत. शिष्याला स्वतंत्र होता येणे ही अध्यापनाच्या गुणवत्तेची एक खूण मानली, तर या विभागाने ती निश्चितच दाखविली.

विद्यापीठाच्या पुनर्रचनेचा विचार करण्यासाठी १९२४ साली एक समिती नेमली गेली. तिच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेखी साक्ष सादर केली. सिडनहॅम कॉलेजात काही काळ अर्थशास्त्राचे अध्यापन केलेला, कोलंबिया व लंडन या दोन्ही ठिकाणची विद्यापीठे आतून पाहिलेला हा साक्षीदार होता. विद्यापीठाचे आद्य कर्तव्य अध्यापन हे आहे, केवळ परीक्षा घेणारी संस्था त्या नावाला पात्र नाही, अशी त्यांची भूमिका होती. परंतु त्यांचा अधिक मूलगामी मुद्दा दुसराच होता. पदवीपूर्व शिक्षण महाविद्यालयांकडे व पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाकडे, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. तिचा अर्थ अध्यापन व संशोधन यांची फारकत. आणि या फारकतीत दोहोंचेही नुकसान होते, असे त्यांनी बजावले. खालच्या वर्गातील विद्यार्थ्यालाही संशोधक अध्यापक मिळाला पाहिजे आणि संशोधकालाही नवख्या विद्यार्थ्यासमोर उभे राहावे लागले पाहिजे, हा या युक्तिवादाचा मथितार्थ होय.

१९२८ च्या कायद्याने विद्यापीठाच्या घटनेत सुधारणा झाली. परंतु आंबेडकरांनी सुचविलेली एकात्म रचना आली नाही. विभागणी राहिली ती राहिलीच. तिच्या मर्यादेत राहूनही जे करता आले, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेला रसायन तंत्रज्ञान विभाग. मुंबईच्या कापडगिरण्यांना रंगाई व छपाई जाणणारे तंत्रज्ञ हवे होते. विद्यापीठाने हे शिक्षण संलग्न महाविद्यालयाकडे न सोपविता स्वतः हाती घेतले. १९३८ पासून १९५७ पर्यंत के. वेंकटरामन यांनी विभागाची धुरा वाहिली. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याला स्वतःच्या वास्तूत गेला. कृत्रिम रंगद्रव्यांच्या रसायनावरील वेंकटरामन यांचा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि जगभर प्रमाण मानला गेला. येथे पदवीचा विद्यार्थी आणि संशोधक एकाच इमारतीत काम करीत. आंबेडकरांनी जे तत्त्व म्हणून मांडले, ते येथे व्यवहारात उतरले होते.

६

या काळात संशोधनाचा मोठा भाग विद्यापीठाच्या बाहेरच वाढला, हेही विसरता येत नाही. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७) आणि गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०), तसेच मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६) व टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) यांनी मोलाचे कार्य केले. परंतु प्रत्येक नव्या संस्थेबरोबर महाविद्यालयातील वर्गापासून एखादा व्यासंगी दूर गेला. फर्ग्युसन कॉलेजात दीर्घकाळ गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी १९४५ च्या सुमारास टाटा संशोधन संस्थेत गेले, तेव्हा संशोधनाचा लाभ झाला. मात्र पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा एक असामान्य शिक्षक गेला.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटण्याची संधी आली होती. १९४८ च्या कायद्याने पुणे विद्यापीठ निघाले. १९४९ मध्ये गुजरात, बडोदे व कर्नाटक येथील विद्यापीठे आली. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र बृहन्मुंबईपुरते आकसले. एकाच शहरातील मोजक्या महाविद्यालयांचे अध्यापक एकत्र आणून खरेखुरे शिकविणारे विद्यापीठ घडविण्यास याहून अनुकूल काळ मिळणे कठीण होते. १९५७ साली शताब्दी झाली, तेव्हा ती आशा जिवंत होती. परंतु पुढील दशकांत उलटे घडले. कोकणातील जिल्हे कार्यक्षेत्रात आले; गोव्यातील महाविद्यालये १९८५ साली गोवा विद्यापीठ निघेपर्यंत मुंबईशी संलग्न राहिली; शहरात व उपनगरांत महाविद्यालयांची संख्या सतत वाढत गेली. सामान्य घरांतील लक्षावधी मुलामुलींना पदवीपर्यंत पोहोचता आले, हा या विस्ताराचा मोठा लाभ होय आणि त्याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र विद्यार्थी वाढले त्या प्रमाणात विद्यापीठाची शक्ती परीक्षांच्या व्यवस्थेत खर्ची पडू लागली. कालिना येथे विद्यानगरी उभी राहिली आणि पदव्युत्तर विभागांना प्रशस्त जागा मिळाली. पण ज्या विद्यार्थ्यांच्या नावापुढे विद्यापीठाचे नाव लागते, त्यांच्यापैकी बहुसंख्य विद्यार्थी पदवीच्या वर्षांत त्या आवारात अभ्यासासाठी कधी जात नाहीत.

या प्रक्रियेची परिणती २०१७ साली सर्वांसमोर आली. त्या वर्षी उन्हाळी परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी पद्धत एकाच हंगामात लागू करण्यात आली. यंत्रणा कोलमडली. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन् महिने लांबले आणि परदेशी किंवा परप्रांती प्रवेश मिळालेल्या कित्येक विद्यार्थ्यांची कुचंबणा झाली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या घटनेची चर्चा तंत्रज्ञानाची चूक किंवा प्रशासनाचा हलगर्जीपणा म्हणून झाली. इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातील दुसराच तपशील महत्त्वाचा आहे. अध्यापकांना तपासणीसाठी मोकळीक मिळावी म्हणून जुलै महिन्यात काही दिवस महाविद्यालयांतील तास बंद ठेवण्यात आले होते. परीक्षा वेळेवर संपाव्यात यासाठी शिकविणे थांबविले गेले. १८५७ च्या प्रास्ताविकातील मौनाचा अर्थ एकशे साठ वर्षांनी इतक्या उघडपणे प्रकट झाला.

७

आता उत्तम अध्यापनाच्या ज्या स्थळांचा वर उल्लेख आला, त्यांचे पुढे काय झाले हे पाहणे उद्बोधक ठरेल. कीलहॉर्न व छत्रे यांचे डेक्कन कॉलेज १९३४ साली बंद पडले आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. कालांतराने ते स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाले. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान विभागाला २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तो मुंबई विद्यापीठापासून वेगळा झाला. ज्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६२ चे पदवीधर बाहेर पडले, ते २०१९ साली स्थापन झालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचे घटक महाविद्यालय बनले. ज्या सिडनहॅममध्ये आंबेडकरांनी शिकविले, तेही त्याच विद्यापीठात गेले. प्रत्येक वियोगाची कारणे स्वतंत्र आहेत. त्यांत सरकारी धोरणांचा भागही मोठा आहे. तरीही त्यांच्यातील साम्य नजरेआड करता येत नाही. स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः आखण्याची आणि स्वतःच्या विद्यार्थ्याची परीक्षा स्वतः घेण्याची मोकळीक हवी असेल, तर या महाकाय यंत्रातून बाहेर पडावे लागते, असा समज एव्हाना रूढ झालेला आहे.

बाहेर पडणाऱ्यांना दोष देता येत नाही. परंतु जे बाहेर पडू शकत नाहीत, त्यांचा विचार कोणी करावयाचा? कोकणातील एखाद्या लहान महाविद्यालयातील किंवा उपनगरातील सकाळच्या तुकडीतील विद्यार्थी याच विद्यापीठाच्या पदवीवर आपले भवितव्य उभारतो. त्याला ब्यूलर किंवा घुर्ये मिळावेत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र त्याला शिकविणाऱ्या अध्यापकाच्या हाती अभ्यासक्रमाचा थोडा अधिकार असावा, वाचनाला थोडा अवकाश असावा आणि विद्यार्थ्याचे लेखन निकालासाठी नव्हे तर सुधारणेसाठी तपासण्याइतका वेळ असावा, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे. रत्नागिरीच्या शाळेत शिकविता शिकविताच भांडारकरांनी आपले पाठ्यपुस्तकाचे काम पुढे नेले. गुणवत्ता मोठ्या शहरात किंवा मोठ्या वास्तूतच नांदते असे नाही, याला तो एकच दाखला पुरेसा आहे.

१८६२ मध्ये उत्तीर्ण झालेल्या चौघांची नावे आज सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या उत्तरपत्रिका कोणी तपासल्या, हे मात्र कोणाच्या स्मरणात नाही. ग्रँट यांचे नाव स्मरणात आहे ते त्यांनी शिकविले म्हणून. विद्यापीठाने प्रथमपासून ज्याला आपले कार्य मानले आणि इतिहासाने विद्यापीठाचे कार्य म्हणून जे जतन केले, त्या दोहोंतील हे अंतर आहे. ते कमी करणे हेच यापुढील कोणत्याही सुधारणेचे प्रयोजन असले पाहिजे.